पहिला नंबर, सावकाश

घाई नसलेली माणसं जगात फार थोडी, आणि जी आहेत त्यांच्याबद्दल कुणी चांगलं बोलत नाही. सुटणारी बस दिसली की सगळे धावतात. हे गृहस्थ पुढची बस कितीची आहे ते विचारतात. लग्नात पहिल्या पंगतीसाठी झुंबड उडते, तेव्हा हे पंख्याखालची खुर्ची शोधतात, आणि दुसऱ्या पंगतीला गरम जिलबी नेमकी यांच्या पानात पडते. कचेरीत साहेब आल्याची कुजबुज झाली की बाकीचे कीबोर्डवर बोटं आपटायला लागतात. हे हातातला चहा संपवतात. काम वेळेवर झालेलं असतं. पण त्याचाच लोकांना जास्त राग येतो. काम झालं याचं कुणाला काही नसतं. ते करताना या माणसाला दम लागला नाही, हे सहन होत नाही.

आपली श्रद्धा घामावर. थोरांच्या चरित्रात रस्त्यावरच्या दिव्याखालचा अभ्यास हवा, फाटकी चप्पल हवी, मैलोन् मैल पायपीट हवी. ‘पोटभर जेवून आणि आठ तास झोपून ते मोठे झाले’ असं वाक्य असलेलं चरित्र कुठल्याही शाळेच्या ग्रंथालयात कपाटाबाहेर येणार नाही.

म्हणून या माणसांना लोक सरसकट आळशी म्हणून मोकळे होतात. तो अन्याय आहे. आळशी माणसाला काम टाळायचं असतं आणि त्यासाठी तो भरपूर मेहनत घेतो. कारणं शोधतो, एखादी आजारी आत्या कायम तयार ठेवतो, सांगितलेल्या थापा लक्षात ठेवतो. निवांत माणूस काम टाळत नाही. कामाभोवती जी धावपळ, हाशहुश आणि दाखवेगिरी असते, तेवढी टाळतो. आळशी माणूस फळाचीही आशा करतो. निवांत माणूस फळ आलं तर खातो, आणि चवीने खातो.

या जातीचा नीट अभ्यास झालेला नाही, कारण या लोकांना सहसा पहिलं बक्षीस मिळत नाही. ते उत्तेजनार्थमध्ये खूश असतात. पण एकीला मिळालं. तेही गल्लीत, तालुक्यात नव्हे, साऱ्या जगात. तिचं नाव फंग शानशान. चीनच्या दक्षिणेला ग्वांगजौ शहरात ५ ऑगस्ट १९८९ रोजी जन्मलेली ही बाई व्यवसायाने गोल्फपटू. अमेरिकन मंडळी तिला ‘जेनी’ म्हणत, आणि तिने तेही चालवून घेतलं.

शानशानबाईंची ओळख त्यांच्या विजारीपासून करून द्यायला हवी, कारण मैदानावर आधी तीच दिसायची. गोल्फ हा खेळ कपड्यांच्या बाबतीत भारी सोवळा. कॉलर हवी, शर्ट खोचलेला हवा, जीन्स नको; क्लबाच्या दारावर यादी लावलेली असते. अशा जागी ही बाई पांढऱ्यावर काळे मोठाले ठिपके असलेली विजार घालून उतरायची. थेट गाईचे ठिपके. दुधाच्या पिशवीवर असतात त्या परदेशी गाईचे. पुढे बिबट्या, फुलं, रंगांचे पट्टे अशा बऱ्याच विजारी झाल्या, पण लोकांच्या डोक्यात राहिली ती गाय. जगातल्या सगळ्यांत महागड्या गवतावर गाय चालते आहे यात गैर काय, हे तिला शेवटपर्यंत कळलं नसावं. २०१७ साली तिच्या टूरने, म्हणजे एलपीजीए या महिला व्यावसायिकांच्या अमेरिकन संघटनेने, पोशाखाचे नियम कडक केले. खोल गळे, आखूड स्कर्ट, लेगिंग्ज यांवर बरंच लिहिलं. गाईबद्दल एक अक्षर नव्हतं. निवांत माणसांना नियम आडवे येत नाहीत. नियम करणाऱ्यांना त्यांच्यासारखं सुचतच नाही.

चिनी गोल्फ आणि प्राणी यांचं नातं मात्र जुनं आहे. १९४९ च्या क्रांतीनंतर गोल्फ हा शेठजींचा चोचला ठरला आणि मैदानं बंद पडली. शांघायमध्ये गोऱ्यांचा एक मोठा गोल्फ क्लब होता. १९५४ साली त्या जागी बाग झाली आणि पुढे शहराचं प्राणिसंग्रहालय. म्हणजे माणसं गेली आणि हत्ती आले. तीस वर्षं चीनला गोल्फवाचून काही अडलं नाही. मग १९८४ साली ग्वांगदोंग प्रांतात जोंगशान इथे, गरम पाण्याच्या झऱ्यांशेजारी, नव्या काळातलं पहिलं मैदान झालं. त्याची आखणी केली होती अर्नोल्ड पामर या अमेरिकन दिग्गजाच्या कंपनीने. शानशान जन्मली त्याच प्रांतात, त्यानंतर पाच वर्षांनी. मैदान तयार झालं, त्यावरचं गवत वाढलं, आणि मग बाई आल्या. इथेही घाई नाही.

ग्वांगजौ हे गावही असल्या स्वभावाला पोषक. तिथे सकाळी चहाला जायची जुनी रीत आहे. चहा हे निमित्त. खरी गोष्ट म्हणजे वाफेवरच्या बांबूच्या टोपल्या. कोळंबीच्या पारदर्शक करंज्या, डुकराच्या मांसाचे पाव, भाताचे गुंडाळे, असं एकेक येत राहतं, आजोबा वर्तमानपत्र वाचत राहतात, किटलीचं झाकण थोडं सरकवून ठेवलं की वाढपी मुकाट्याने पाणी भरून जातो. दोन तास सहज जातात. अशा शहरात वाढलेल्या मुलीला ‘नाश्ता उभ्याउभ्या उरकायचा असतो’ हे कुणी शिकवणार कसं? खाण्यावरचं आणि झोपेवरचं आपलं प्रेम तिने जगापासून कधी लपवलं नाही.

वडील शहराच्या गोल्फ संघटनेत काम करत. त्यांनीच लेकीच्या हातात दहाव्या वर्षी काठी दिली, आणि पहिले गुरूही तेच. एकुलत्या एका लेकीला वकील-डॉक्टर करायचं सोडून, ज्या खेळाची अर्ध्या देशाला धड माहिती नाही त्यात घालणारा बाप हाही निवांत म्हणायचा की धाडसी, हे ठरवणं कठीण. देशाचंही गोल्फबद्दल काही ठरत नव्हतं. २००४ साली सरकारने नवी मैदानं बांधायला बंदी घातली. त्यानंतरच्या दहा वर्षांत मैदानांची संख्या दोनशेच्या आतून सहाशेच्या वर गेली. बंदी कशाला म्हणतात हे आपल्यालाही ठाऊक असल्यामुळे यावर अधिक भाष्य नको. २०१५ मध्ये सरकारने ६६ बेकायदा मैदानांना टाळं लावलं. त्याच वर्षी पक्षाच्या शिस्तीचे नियम आले, आणि सदस्यांना गोल्फ क्लबांची सभासदत्वं घेण्यावर बंधन आलं. वर्षभरातच रिओ ऑलिंपिक होतं, त्यात गोल्फ होता, आणि देशाला पदक हवं होतं. एका हाताने मैदान नांगरायचं आणि दुसऱ्या हाताने पदकाची वाट पाहायची, अशा ताणात इतर कुणाची झोप उडाली असती. शानशानची उडाली नाही. ती कुठल्या हाताकडे बघतच नव्हती.

सतरा-अठराव्या वर्षी ती अमेरिकेत अकादमीत शिकायला गेली. गॅरी गिलख्रिस्ट हे तिचे प्रशिक्षक. २००७ च्या अखेरीस एलपीजीएच्या पात्रता फेरीतून ती पार झाली आणि २००८ पासून टूरवर खेळू लागली. चीनच्या मुख्य भूमीवरून आलेली ती पहिली सभासद. त्या काळी महिला गोल्फवर कोरियन मुलींचं राज्य होतं. सूर्य उगवायच्या आत त्या सरावाला उभ्या, सूर्य मावळल्यावरही पटिंगच्या हिरवळीवर वाकलेल्या. मागे वडील हातात वही घेऊन. त्यांच्या शेजारी शानशान येऊन थोडे बॉल मारायची आणि जेवायला जायची. आपण बाकीच्यांइतका सराव करत नाही हे ती पत्रकारांना हसत सांगायची. खेळाडूने असं सांगायचं नसतं. सराव कमी केला तरी ‘रोज आठ तास’ सांगायची जगभर पद्धत आहे. निवांत माणसाला ही एक गोष्ट जमत नाही. खोटी मेहनत दाखवायची म्हणजे पुन्हा मेहनत आली.

पहिली चार वर्षं एलपीजीएवर विजय नाही. जपानच्या टूरवर ती जिंकली होती, पण अमेरिकेत पाटी कोरी. मग जून २०१२ मध्ये न्यू यॉर्क राज्यात रॉचेस्टरजवळ, लोकस्ट हिलच्या मैदानावर एलपीजीए चॅम्पियनशिप झाली. ही स्पर्धा वर्षातल्या मोजक्या ‘मेजर’पैकी एक. मैदान अरुंद, दोन्ही बाजूंना झाडं, कडेचं गवत एवढं दाट की बॉल गेला की काठीने उकरावा लागे. लांब मारणाऱ्या धाडसी मुली त्या गवतात दिवस घालवत होत्या. शानशान मधूनच चालत राहिली. शेवटच्या दिवशी ६७ फटके, एकूण पारपेक्षा, म्हणजे मैदानाला नेमून दिलेल्या फटक्यांपेक्षा, ६ कमी, आणि दोन फटक्यांनी विजय. मेजर जिंकणारी ती चीनची पहिली गोल्फपटू. बायकांत आणि पुरुषांतही. एलपीजीएच्या छोट्या स्पर्धा जिंकत जिंकत वर जायचा जिना तिने घेतलाच नाही. एवढ्या पायऱ्या कोण चढणार?

आता हे तिला जमलं कसं, हे कळायला गोल्फचा हिशेब मांडायला हवा. अठरा भोकांची एक फेरी चार-साडेचार तास चालते. खेळाडू आठ-नऊ किलोमीटर चालतो. या सगळ्यात फटके सत्तर-बहात्तर. काठी मागे नेऊन बॉलवर येईपर्यंत जेमतेम सेकंदभर जातो. बॉल आणि काठी एकमेकांना भेटतात ते सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका वेळ. सगळे फटके एकामागोमाग लावले तर दोन मिनिटं भरत नाहीत. म्हणजे गोल्फ खेळणारा माणूस चार तास गोल्फ खेळत नसतो. मग करतो काय? विचार करतो. आणि तिथेच घात होतो.

मागच्या भोकावर चुकलेला पट, म्हणजे हिरवळीवरचा हलका फटका, आठवतो. पुढचं तळं दिसतं. फलकावर दुसऱ्याचं नाव वर गेलेलं दिसतं. तीन मिनिटं चालताना माणूस स्वतःच्या मनगटाला, खांद्याला, प्रशिक्षकाला आणि नशिबाला दोष देऊन होतो, आणि बॉलपाशी पोचतो तेव्हा त्याच्या हाताला घाम सुटलेला असतो. इतर खेळांत असा मोकळा वेळ मिळत नाही. टेनिसमध्ये बॉल अंगावर येतो, मारावाच लागतो. गोल्फचा बॉल मात्र गवतात पडून तुमच्याकडे बघत असतो; त्याला वेळच वेळ आहे. जगातला हा एक खेळ असा की ज्यात रिकामा वेळ कसा घालवावा याचं ज्ञान हे फटक्यांइतकंच महत्त्वाचं, आणि शानशानबाई त्या विषयातल्या जन्मजात पंडित. त्या काठ्या वाहणाऱ्या कॅडीशी गप्पा मारायच्या, हसायच्या, जेवणाचा विषय निघाला तर रमायच्या, बॉलपाशी आल्या की सावकाश काठी मागे न्यायच्या, मारायच्या, आणि गप्पा पुढे सुरू.

फटकाही स्वभावाला साजेसा. फार लांब नाही, पण सरळ. बॉल बहुतेक वेळा मधल्या कापलेल्या गवतावर, तिथून हिरवळीवर, तिथून दोन पटांत भोकात. टीव्हीवाल्यांची पंचाईत व्हायची. झाडाआडून मारलेला चमत्कार दाखवावा तर ती झाडाआड जायचीच नाही. लांब मारणाऱ्या मुली पन्नास यार्ड पुढे जायच्या आणि त्यांतले तीस जंगलात. ही मागून यायची, आणि गुणपत्रिका जमा करताना पुढे असायची. चुकीच्या जागी न जाणं हेही श्रम वाचवण्याचं साधन आहे, हे तिला फार लवकर कळलं होतं. लोक ज्याला तिचा आळस म्हणत, तो खरं तर बारीक हिशेब होता.

गरज पडली तर ही माणसं चपळ होतात, हेही नोंदवायला हवं. ऑक्टोबर २०१३. बेजिंगजवळच्या मैदानावर एलपीजीएची स्पर्धा. अमेरिकेची स्टेसी लुईस, त्या काळातल्या सर्वांत चिवट खेळाडूंपैकी एक, आघाडीवर होती. शेवटच्या भोकावर शानशानने ईगल मारला, म्हणजे पारपेक्षा दोन फटके कमी, आणि एका फटक्याने स्पर्धा खिशात घातली. आपल्या भूमीवर एलपीजीए जिंकणारी पहिली चिनी बाई. सतरा भोकं वाट पाहिली आणि अठराव्याला काम उरकलं. आपल्याकडेही परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणारे पुष्कळ असतात. फरक इतकाच की त्यांना ईगल येत नाही.

मग आलं रिओ. ऑलिंपिकमध्ये गोल्फ ११२ वर्षांनी परतला होता. बायकांचा तर १९०० नंतर पहिल्यांदाच. नव्या मैदानावर कॅपिबारा नावाचे, डुकराएवढे उंदीर बिनधास्त चरत होते. म्हणजे इथेही प्राणी आधीच हजर. भारताची अठरा वर्षांची अदिती अशोक त्याच स्पर्धेत पहिले दोन दिवस आघाडीच्या खेळाडूंजवळ होती, त्यामुळे आपल्याकडच्या काही जणांनी तेव्हा पहिल्यांदा गोल्फ पाहिला. सुवर्ण कोरियाच्या पार्क इन्बीला, रौप्य न्यूझीलंडच्या लिडिया कोला, कांस्य शानशानला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बार्सिलोना ऑलिंपिकच्या चित्रफिती तपासून १९९५ साली एक गंमत दाखवली होती: कांस्यवाले खेळाडू रौप्यवाल्यांपेक्षा जास्त आनंदी दिसतात. रौप्यवाला सुटलेल्या सोन्याचा विचार करतो, कांस्यवाला चौथा न आल्याचा. निवांत माणसासाठी तर तिसरा नंबर म्हणजे आदर्श जागा. फोटोत कडेला, पण फोटोत आहेच. पदक गळ्यात पडल्यावर बाईंच्या डोक्यावरचं उरलंसुरलं ओझंही उतरलं असावं, कारण त्या वर्षाच्या शेवटी त्यांनी मलेशियात आणि जपानमध्ये लागोपाठ स्पर्धा जिंकल्या.

२०१७ साली महिला गोल्फचा पहिला नंबर ही संगीतखुर्ची झाली होती. वर्ष सुरू झालं तेव्हा लिडिया को बसलेली. जूनमध्ये थायलंडची अरिया जुटानुगार्न बसली आणि दोन आठवड्यांत उठली. कोरियाची रियू सोयॉन आली, चार-साडेचार महिने टिकली. नोव्हेंबरमध्ये कोरियाचीच पार्क संगह्युन बसली, ती एका आठवड्यापुरती. सगळ्या पळत होत्या. बसण्याचा सराव असलेली त्यांत एकच होती. तिने आधीच्या आठवड्यात जपानमध्ये जिंकलं, लगेच हायनान बेटावर ब्लू बे स्पर्धा एका फटक्याने जिंकली, आणि १३ नोव्हेंबरला खुर्ची घेतली. वर्षातली पाचवी. जगात पहिला नंबर मिळवणारी चीनची पहिली गोल्फपटू, पुन्हा एकदा पुरुष धरून. आणि बसली ती २३ आठवडे बसली.

पहिल्या नंबरचं ओझं काय असतं हे तैवानच्या त्सेंग यानीला विचारावं. बावीस वर्षांची असेपर्यंत तिने पाच मेजर मिळवल्या, १०९ आठवडे ती शिखरावर होती, आणि तिथून उतरल्यावर तिचा खेळ असा हरवला की पुन्हा एलपीजीएवर ती जिंकली नाही. मेहनतीत ती कुठे कमी नव्हती. त्या जागी बसलेल्या माणसाला सारखं वाटत असतं की आता आपल्या नंबराला शोभेल असं खेळायला हवं. शानशानला तसं काही वाटल्याचं तिच्या चालण्यावरून दिसलं नाही. एप्रिल २०१८ मध्ये पार्क इन्बी पुन्हा वर आली तेव्हा ती उठली, आणि पुढच्या वर्षी विस्कॉन्सिनमध्ये पारपेक्षा २९ फटके कमी खेळून एलपीजीएवरचा दहावा विजय नोंदवून मोकळी झाली.

या स्वभावाची खरी परीक्षा घेतली ती करोनाच्या साथीने. २०२० मध्ये जग घरात बसलं. बाकीच्या खेळाडूंनी गच्चीत जाळ्या बांधल्या, दिवाणखान्यात सतरंज्यांवर पट मारले, त्याच्या चित्रफिती टाकल्या. शानशानने घरी बसण्याची सरकारी आज्ञा मनापासून पाळली. ते वर्षभर ती अमेरिकेच्या टूरकडे फिरकली नाही. जवळजवळ सोळा महिन्यांनी, एप्रिल २०२१ मध्ये, ती कॅलिफोर्नियात एएनए इन्स्पिरेशन या मेजरला उतरली आणि तिसऱ्या क्रमांकावर बरोबरीत आली. सोळा महिने रोज हजार बॉल मारणाऱ्यांपैकी कितीतरी जणी तिच्या मागे होत्या. त्या रात्री अनेक प्रशिक्षकांना विद्यार्थ्यांच्या नजरेला नजर देणं जड गेलं असेल. चार महिन्यांनी टोक्योत अदिती अशोक चौथी आली. तेव्हा भारतात शनिवारी पहाटे उठून लोकांनी बर्डी आणि बोगी शिकून घेतलं. शानशानही त्या स्पर्धेत होती, पण आपला देश तेव्हा पहिल्यांदा घाईत गोल्फ बघत होता, त्यामुळे तिच्याकडे लक्ष गेलं नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये, तेहतिशीत, तिने निवृत्ती जाहीर केली. खेळाडूंच्या निवृत्त्या म्हणजे एक स्वतंत्र नाट्यप्रकार. आधी निरोपाचा दौरा, मग अश्रू, मग पुनरागमन, मग दुसरा निरोप. बाईंनी इन्स्टाग्रामवर लिहिलं आणि घरी राहिल्या. ज्या वयात इतर खेळाडू अजून पाठीला पट्टे बांधून पहाटे उठत होत्या, त्या वयात यांनी उठणं सोडलं.

पण नियतीलाही विनोदाचं अंग असतं. देशाने तिला ऑलिंपिक संघाची प्रशिक्षक केलं. जन्मभर जिने कमी सरावाची कबुली हसत दिली, तिने आता दुसऱ्यांना सरावाला लावायचं. पॅरिसला २०२४ मध्ये तिच्या हाताखाली दोघी होत्या. एक यिन रुओनिंग, जिने आदल्या वर्षी तीच मेजर जिंकली जी शानशानने अकरा वर्षांपूर्वी जिंकली होती, आणि मग पहिला नंबरही घेतला. दुसरी लिन शीयू. पदक आणलं ते लिनने. कोणतं? कांस्य. शिकवण किती खोलवर पोचली याचा आणखी पुरावा कशाला हवा?

आता या जातीबद्दल थोडं शेवटचं. निवांत माणसं एक लबाडी करतात, आणि शानशानबाईही तिला अपवाद नाहीत. ती माणसं आपला आराम सगळ्यांना दाखवतात आणि त्याच्या आधीचं काही सांगत नाहीत. दहाव्या वर्षापासून सतराव्या वर्षापर्यंत, जिथे खेळायला मित्रमैत्रिणी नाहीत, बघायला आदर्श नाही, अशा शहरात वडिलांच्या नजरेखाली तो एकच फटका किती वेळा मारला असेल, याबद्दल बाई कधी भाषण ठोकत नाहीत. तो फटका अंगात इतका मुरला की पुढे त्याला रोज हाक मारायची गरज उरली नाही. बाकीच्या मुली सराव करत होत्या तेव्हा त्या बऱ्याचदा आपली भीती घालवत होत्या. हजार बॉल मारले की रात्री झोप येते. हिला तशीही येत होती. मेहनत कुठे संपवावी हे कळणं ही मेहनतीतली सर्वांत अवघड गोष्ट, आणि ती शिकवणारा क्लास कुठल्याही गल्लीत नाही.

हे सगळं वाचून काही होतकरू वाचक हा लेख कापून वडिलांच्या पुढ्यात ठेवतील. सकाळी साडेनऊला अंथरुणातूनच ‘बघा, जगात पहिली आलेली बाईसुद्धा’ असं सुरू करतील. वडील चष्मा लावतील, लेख शेवटपर्यंत वाचतील, घडी घालून परत देतील आणि एवढंच विचारतील, “तिचा पहिला आला. तुझा कितवा?” या प्रश्नाला निवांतपणे देता येईल असं उत्तर अजून माझ्या ऐकिवात नाही.